टाके न दिसणारं सोंग

'सम लाइक इट हॉट' या १९५९ च्या विनोदी हॉलिवूडपटाचा विषय निघाला की पाच मिनिटांच्या आत कुणीतरी सत्तेचाळीस टेकची, म्हणजे एकच प्रसंग सत्तेचाळीस वेळा चित्रित करावा लागल्याची, गोष्ट काढतंच. मेरिलिन मन्रोला दारावर टकटक करून एवढंच म्हणायचं होतं: 'इट्स मी, शुगर.' तीन शब्द. ती म्हणे 'शुगर, इट्स मी' म्हणायची, नाहीतर 'इट्स शुगर, मी'. शेवटी दिग्दर्शक बिली वाइल्डरनं ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं. दुसऱ्या एका प्रसंगात कपाटाचे खण धुंडाळत 'बर्बन कुठाय?' एवढं विचारायचं होतं. तिथे वाक्य कागदावर लिहून खणात चिकटवलं. ती भलताच खण उघडायची, म्हणून मग प्रत्येक खणात चिकटवलं. गोष्ट झकास आहे. मी स्वतः ती कितीतरी बैठकांत सांगितली आहे आणि दर वेळी हशा वसूल केला आहे. टेकचा आकडा मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतो. कुणी सत्तेचाळीस म्हणतं, कुणी एकोणसाठ, कुणी थेट ऐंशीच्या पुढे जातं.

गेल्या पावसाळ्यात एका मित्राच्या घरी चहाबरोबर मी हीच गोष्ट रंगवून सांगत होतो. सगळे हसले. मित्राची कॉलेजात जाणारी मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, "पण काका, सत्तेचाळिसावा टेक चांगला होता का?"

मला उत्तर देता आलं नाही. सिनेमा मी किमान सहा वेळा पाहिला होता. जॅक लेमनच्या भुवया कुठे वर जातात, टोनी कर्टिस कोणत्या वाक्याला कॅरी ग्रँट या नटाची नक्कल करतो, हे मला पाठ होतं. मन्रोनं त्या दारात उभं राहून नेमकं काय केलं, ते काही आठवेना. घरी येऊन पुन्हा पाहिला. त्या रात्रीपासून माझं जे मत झालं ते इथे मांडतो आहे: सोंगाच्या या सिनेमात सगळ्यात अवघड सोंग कर्टिस किंवा लेमनचं नाही, मन्रोचं आहे. आणि ते इतकं बेमालूम वठलं की गेली पासष्टहून अधिक वर्षं आपण त्याला अभिनय मानायलाच तयार नाही.

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९२९ सालचं शिकागो, दारूबंदीचे दिवस. प्रेतं न्यायच्या गाडीतून शवपेटीत दारू जाते आणि अंत्यसंस्काराच्या दुकानामागे चोरटा बार चालतो. जो आणि जेरी हे तिथले दोन फाटके वादक, एक सॅक्सोफोनवाला, दुसरा डबल बासवाला. सेंट व्हॅलेंटाइन डेच्या गँगस्टर हत्याकांडाचे ते चुकून साक्षीदार होतात. गँग मागे लागते, तेव्हा जीव वाचवायला बायकांचे कपडे घालून ते फ्लोरिडाला निघालेल्या बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात. जोची (कर्टिस) जोसेफीन होते, जेरीची (लेमन) डॅफ्नी. त्या वाद्यवृंदातली गायिका म्हणजे शुगर केन, अर्थात मन्रो. युकुलेली वाजवणारी, चोरून दारू पिणारी, दर वेळी कुठल्या तरी सॅक्सोफोनवाल्यावर भाळून हात पोळून घेणारी.

ती पहिल्यांदा येते तो प्रसंग शिकागोच्या स्टेशनातला. जो आणि जेरी उंच टाचांवर धडपडत फलाटावरून चालले आहेत. टाचा मुरगळताहेत, पायांत गार वारा शिरतोय, जेरी कुरकुरतोय. तेवढ्यात मन्रो बाजूनं निघून जाते. इंजिनातून वाफेचा एक फुत्कार येतो, ती दचकून पुढे उडी घेते आणि चालत राहते. जेरी थक्क. बघ कशी चालते, म्हणतो, स्प्रिंगांवर ठेवलेली जेली जशी! बायकांच्या आत जन्मजात मोटार बसवलेली असणार. आपल्याला हे जमायचं नाही, ती जातच वेगळी.

विनोद म्हणून हे वाक्य फर्मास आहे. पण बारकाईनं पाहिलं तर जेरी इथे चुकतो आहे. ती मोटार जन्मजात नाही. ती चाल, तो दचका, दचकल्यावरही ताल न सोडणं, हे सगळं बसवलेलं काम आहे. समीक्षक आणि पुरस्कार देणारी मंडळी मात्र आजतागायत त्याच फलाटावर जेरीशेजारी उभी आहेत: 'हिच्यात आहेच ते. हिला काय करावं लागतं?'

आता पुरुषांच्या सोंगाकडे पाहू. स्त्रीवेशात कसरती करून युरोप गाजवलेल्या बार्बेट या कलावंताला कर्टिस आणि लेमनला चाल शिकवायला बोलावलं होतं. लेमननं ती शिकवणी फारशी मनावर घेतली नाही, कारण डॅफ्नी बाई म्हणून हुबेहूब जमली तर गंमतच संपणार होती. साडीखालून पँट दिसल्याशिवाय वेषांतराचा विनोद उभा राहत नाही, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. (डॅफ्नी साडी नेसत नाही, पण मुद्दा कळला असेल.) आपल्याकडच्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत पुरुषाला नुसती साडी नेसवून हशा मागतात. लेमन तिथे थांबत नाही. त्याच्या डॅफ्नीला हळूहळू स्वतःची गोडी लागते. लिफ्टमध्ये म्हातारा लक्षाधीश ऑसगुड तिला चिमटा काढतो तेव्हा जेरी भडकतो, म्हणतो मी तर सुंदरसुद्धा नाही! जो त्याला समजावतो की पुरुषांना काही फरक पडत नाही, तुझ्या अंगावर झगा आहे एवढं त्यांना पुरतं. रात्रभर ऑसगुडबरोबर टँगो नाचून आल्यावर हाच जेरी त्याच्याशी आपलं लग्न ठरल्याची बातमी सांगतो, तो प्रसंग तर विनोदी अभिनयाच्या कुठल्याही वर्गात दाखवावा. वाइल्डरनं त्याच्या हातात दोन खुळखुळे दिले, म्हणजे प्रेक्षक हसत असताना तो ते वाजवत नाचेल आणि पुढचं वाक्य हशात बुडणार नाही. लेमनला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं आणि ते योग्यच होतं.

सिनेमाला एकूण सहा नामांकनं होती. दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण, कलादिग्दर्शन, वेशभूषा आणि अभिनेता. मन्रोचं नाव नव्हतं. त्या वर्षीच नाही, आयुष्यात कधीच नव्हतं. सहापैकी एकच ऑस्कर प्रत्यक्ष पदरात पडलं, ते वेशभूषेचं, ऑरी-केलीला.

टाके दिसले की शिंप्याचं कौतुक होतं, टाके दिसले नाहीत की कापडाचं. लेमनच्या अभिनयाचे टाके मुद्दाम दिसायला ठेवले होते, म्हणून त्याचं कौतुक झालं. मन्रोचे टाके दिसेनात, म्हणून लोक म्हणाले कापडच सुरेख आहे. आणि इथे तर खरोखरच तिच्या झग्याच्या शिंप्याला ऑस्कर मिळालं, झग्यातल्या बाईचा विचारही झाला नाही. असला विनोद रचायची वाइल्डरचीही छाती झाली नसती.

पण मी म्हणतो तो अभिनय नेमका कुठे आहे? समुद्रकिनाऱ्यावरचा प्रसंग घ्या. जोनं आता तिसरं सोंग घेतलं आहे. शेल ऑइलचा वारसदार, डोळ्यांवर चष्मा, हातात 'वॉल स्ट्रीट जर्नल', जिभेवर कॅरी ग्रँट. त्याचं कारण असं की आगगाडीत जोसेफीन समजून शुगरनं त्याला मनातलं सांगितलं होतं. तिला चष्मेवाला लक्षाधीश हवा आहे. चष्मेवाले पुरुष फार मऊ स्वभावाचे असतात, बिचाऱ्यांचे डोळे 'वॉल स्ट्रीट जर्नल'मधले ते बारीक बारीक रकाने वाचून गेलेले असतात! हे वाक्य कुठलीही साधी नटी डोळा मारून म्हणेल, प्रेक्षकांना सुचवेल की बघा, मी किती गमतीचं बोलले. मन्रो ते करुणेनं म्हणते. तिला त्या डोळ्यांची खरोखर काळजी वाटते. आपण हसतो, आणि हसताना तिला मूर्ख म्हणायचा धीर होत नाही.

तर किनाऱ्यावर हा तोतया वारसदार तिला विचारतो, तुम्ही ते जलद संगीत वाजवता का, जॅझ? ती चेहरा उजळून सांगते, हो, एकदम हॉट! तो नाक मुरडतो, असेल कुणाला आवडत, मला आपलं शास्त्रीय बरं. आणि ती पापणीही न लववता म्हणते, मलासुद्धा. मी तीन वर्षं शेबॉयगनच्या संगीत विद्यालयात काढली आहेत. ही शेबॉयगनची थाप तिची स्वतःची नाही. वाद्यवृंदात शिरताना जो आणि जेरीनं मारलेली थाप तिनं कानावर पडली तशी उचलली, आणि ज्याच्याकडून उचलली त्यालाच ऐकवली. म्हणजे बघा, मन्रो नावाची नटी शुगर नावाच्या मुलीचं काम करते आहे, ती मुलगी खानदानी तरुणीचं सोंग करते आहे, आणि ते सोंग तिला किंचित कच्चं जमलं पाहिजे. फार कच्चं झालं तर ती बावळट ठरेल, फार पक्कं झालं तर लबाड. तीन थर एका वाक्यात, आणि एकही उसवत नाही.

वाइल्डरनं पुढे सांगितलं आहे की हाच किनाऱ्यावरचा लांबलचक संवादाचा प्रसंग मन्रोनं झटपट, जवळजवळ न चुकता केला. चित्रीकरण कॅलिफोर्नियात, सॅन दिएगोजवळच्या हॉटेल डेल कोरोनाडोच्या वाळूत चाललं होतं. शेजारी नौदलाचा तळ, दर काही मिनिटांनी डोक्यावरून विमान. दोन विमानांमधल्या शांततेत तिनं पानंच्या पानं म्हटली. ही गोष्ट मी आजवर एकाही मैफलीत ऐकली नाही. सत्तेचाळीस टेकची मात्र सगळ्यांना पाठ.

मन्रोशी काम करणं सोपं नव्हतं, हे मला झाकायचं नाही. ती तास न् तास उशिरा यायची आणि लेमन-कर्टिस कंबरपट्टे आवळून, उंच टाचांवर ताटकळत राहायचे. कर्टिसनं त्याचा राग बरीच वर्षं जपला. सहकाऱ्यांचा वेळ खाणं हे चूकच, प्रतिभेच्या नावावर ते माफ करता येत नाही. तरी त्या विनोदातून एक गोष्ट नेहमी गाळली जाते. १९५८ च्या त्या शरद ऋतूत ती गरोदर होती, आणि चित्रीकरण आटोपल्यावर डिसेंबरात तिचा गर्भपात झाला. हे सांगितलं की बैठकीतला हशा विरतो, म्हणून सांगितलं जात नाही.

आणखी एक गोष्ट सांगतात. टेक वाढत जायचे तशी मन्रो उमलत जायची आणि बाकीचे दोघं कोमेजायचे. संकलनात वाइल्डर तिचा उत्तम टेक निवडायचा. हा वाइल्डर म्हणजे फिल्मच्या फुटाफुटाचा हिशेब ठेवणारा माणूस, उगाच कुणाच्या प्रेमात पडणाऱ्यांतला नव्हे. मन्रोबद्दल तो कडवटही बोलला आहे. पण तोच पुढे म्हणायचा की माझी एक मिनी मावशी आहे, ती अगदी वेळेवर येईल, चित्रीकरण एक मिनिटही अडवणार नाही. पण मिनी मावशीला बघायला पैसे कोण मोजणार? मित्राच्या मुलीला द्यायचं उत्तर या मावशीजवळ होतं. मला ते उशिरा सापडलं.

यावर जाणकार एक हरकत घेतात आणि ती भक्कम आहे. ते म्हणतात, हॉलिवूडनं विनोदी नट्यांना ऑस्कर दिलीच नाहीत असं कुठे आहे? १९५० च्या 'बॉर्न यस्टर्डे'त जूडी हॉलिडेनं अशाच अडाणी सोनेरी केसांच्या मुलीचं काम केलं आणि बेटी डेव्हिस, ग्लोरिया स्वॉन्सन अशा दोघींना मागे टाकून ऑस्कर नेलं. मन्रोच्याच वर्षी डोरिस डेला 'पिलो टॉक' या विनोदी सिनेमासाठी नामांकन होतं. शिवाय गोल्डन ग्लोबनं मन्रोला विनोदी गटातली सर्वोत्तम अभिनेत्री ठरवलंच होतं. मग तक्रार कसली?

सगळं खरं आहे. पण हॉलिडेची नायिका सिनेमाभर शिकत जाते, चष्मा लावून पुस्तकं वाचते, शेवटी शहाणी होते. शिवाय हॉलिडे स्वतः अत्यंत कुशाग्र बाई म्हणून प्रसिद्ध होती. म्हणजे अडाणीपण हे सोंग आहे हे लोकांना आधीच ठाऊक होतं. टाके दिसत होते! डोरिस डेच्या पडद्यावरच्या बाईला कुणी मूर्ख समजत नव्हतं. विनोदाला मान होता, भाबडेपणालाही होता, अट एवढीच की तो भाबडेपणा खोटा आहे हे पडद्याबाहेर सिद्ध झालेलं असावं. मन्रोला ती सवलत नव्हती. तिच्याबाबत लोकांनी ठरवून टाकलं होतं की ही अशीच आहे.

ती अशी अजिबात नव्हती. जानेवारी १९५५ मध्ये, अठ्ठावीसाव्या वर्षी, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्ससारख्या स्टुडिओशी भांडून तिनं स्वतःची निर्मिती संस्था काढली आणि न्यूयॉर्कला जाऊन ली स्ट्रासबर्गकडे अभिनयाची शिकवणी धरली. वर्ष संपता संपता स्टुडिओलाच नमतं घेऊन नवा करार करावा लागला आणि दिग्दर्शक पसंत करण्याचा हक्क तिला द्यावा लागला. शुगर केनला कुणी असला करार वाचायला दिला असता तर तिनं त्याची होडी केली असती. तरी लोकांनी करार वाचणारीला होडीवाली समजावं, याला मी तिच्या कामाची पावती मानतो. मात्र पावतीवर नाव लिहायला कुणी तयार नाही.

महाराष्ट्रात तरी हे लवकर कळायला हवं, कारण सोंगाचं कौतुक आपल्याइतकं कुणी केलं? बालगंधर्वांच्या पदराची, नथीची, शालूची ढब घराघरांतल्या बायकांनी उचलली. तो पुरुष आहे हे ठाऊक होतं म्हणून प्रत्येक मुरक्यात कला दिसली. पुढे बाया रंगमंचावर येऊ लागल्या तेव्हा 'बाईनं बाईचं काम करण्यात विशेष ते काय' असा सूर लागलाच. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'चे संवाद आजही लोकांना तोंडपाठ आहेत आणि लक्ष्मीकांत बेर्डेची पार्वती आठवून आपण अजून हसतो. त्यातली अश्विनी भावे अशोक सराफच्या थापांवर गंभीरपणे विश्वास ठेवत होती म्हणून त्या थापा थापा राहिल्या, हे कुणी बोलत नाही. वेषांतराच्या नाटकात फसवणाऱ्यापेक्षा फसणाऱ्याचं काम कठीण. फसवणाऱ्याच्या बाजूला सगळं प्रेक्षागृह असतं. फसणारा एकटा असतो, त्याला डोळ्यांसमोरचं दिसू न देता शहाणं राहायचं असतं.

शुगरच्या भूमिकेत बाईचा माल केलेला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. 'आय वॉना बी लव्ड बाय यू' गाताना तो पारदर्शक वाटणारा झगा आणि छातीवर खेळणारा प्रकाशझोत, तिथे कॅमेरा हावरटच आहे. हा सिनेमा त्या काळच्या सेन्सॉर संहितेचं प्रमाणपत्र न घेताच प्रदर्शित झाला, त्यामागे पुरुषांचे झगे होते तसा हा झगाही असणार. पण त्या गाण्यानंतर बऱ्याच वेळानं ती पियानोवर बसून 'आय ॲम थ्रू विथ लव्ह' म्हणते, तेव्हा तीच बाई, तसाच झोत, आणि कॅमेऱ्याला चेहऱ्याशिवाय कुठे बघता येत नाही. तो विनोदी सिनेमातला सगळ्यात शांत तुकडा आहे. तिच्या डोळ्यांत पाणी येतं, ते जोसेफीनच्या वेशातला जो येऊन पुसतो, तिचं चुंबन घेतो, आणि त्या स्पर्शावरून तिला सोंग ओळखू येतं. इतका वेळ फसणारी बाई एका क्षणात सगळं समजते. लेमनच्या खुळखुळ्यांइतकाच हा क्षण नेमका बसवलेला आहे.

२००० साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं शंभर विनोदी अमेरिकी सिनेमांची यादी केली, तिच्यात हा पहिला. यादीत पहिलं येण्यानं काही सिद्ध होत नाही, पण ज्या सिनेमाला सगळे पहिला मानतात त्याच्या नायिकेला आपण अजून अपघात मानतो, एवढं खटकतं.

शेवटची ओळ तर जगप्रसिद्ध. मोटारबोटीत डॅफ्नी डोक्यावरचा टोप उपटून ओरडते, मी पुरुष आहे! आणि ऑसगुड हसत म्हणतो, असू दे, कुणीच परिपूर्ण नसतं. वाइल्डरच्या थडग्यावरही हीच ओळ कोरलेली आहे. ते थडगं आहे लॉस एंजेलिसच्या वेस्टवूडमधल्या छोट्याशा दफनभूमीत. तिथेच लेमन आहे, तिथेच मन्रो.

पण त्या ओळीच्या थोडं आधी, त्याच बोटीत, मागच्या बाजूला दोन माणसं बोलत असतात. जो कबुली देतो की मी खोटारडा आहे, भणंग सॅक्सोफोनवाला आहे, तू माझ्यासारख्यांपासूनच पळून आली होतीस. परत जा. शुगर त्याच्याकडे बघते. आता ती सगळं जाणते, आणि तरी तिच्या चेहऱ्यावर पहिल्याच दिवसाचा तो भाबडेपणा आहे, या वेळी स्वतः निवडलेला. म्हणते, बरोबर आहे, बोल अजून. फिरव माझं मन. आणि त्याला जवळ ओढते. हल्ली मी ऑसगुडच्या ओळीपर्यंत पोचतच नाही. इथेच थांबवतो आणि मागे नेतो.